'कंट्रोल नाही' म्हणजे नेमके काय?

'कंट्रोल' हा शब्द आता मराठीच झाला आहे. मुलाने धाकट्या भावंडावर हात उगारला, की आई म्हणते, 'याला जरा कंट्रोल नाही.' डॉक्टरांनी साखर बंद केलेल्या आजोबांचा हात लग्नाच्या पंगतीत जिलेबीकडे गेला, की सून म्हणते, 'तोंडावर कंट्रोल नाही.' पगाराच्या संध्याकाळी खिसा रिकामा करून घरी येणाऱ्याबद्दलही हेच बोलले जाते. इतके दिवस हे बोलणे नळावर आणि चाळीच्या गॅलरीत चालत होते. आता ते कागदावर उतरू लागले आहे. मुलाची मानसशास्त्रीय चाचणी होते, अहवाल मिळतो आणि त्यात एक संज्ञा असते, 'इनहिबिटरी कंट्रोल'. तिच्यापुढे लिहिलेले असते, 'कमी'.

असा कागद हाती पडला, की आईबापांना वाटते, तज्ज्ञांनीच आपल्या मुलाच्या स्वभावावर शिक्का मारला. मग कोणी मुलाला बदडतो, कोणी उसनवारी करून महागडा क्लास लावतो, तर कोणी 'याच्या नशिबात शिक्षण नाही' म्हणून शाळाच सोडवायला निघतो. आम्ही वस्तीतील अभ्यासिकेचे काम पाहतो, म्हणून असे कागद आमच्या पाहण्यात येतात. आम्ही मानसशास्त्राचे पदवीधर नाही. वाणिज्य शाखेचे आहोत आणि पोटापाण्यासाठी कारकुनी करतो. परंतु हिशेबाच्या कामाने आम्हाला एक सवय लावली आहे. रक्कम किती हे पाहण्याआधी ती कोणत्या खात्यावर टाकली आहे ते पाहायचे. या संज्ञेच्या बाबतीतही तेच केले पाहिजे, असे आमचे मत आहे.

मूळ अर्थ : थांबवणारी नस

इनहिबिशन म्हणजे आवरणे, रोखून धरणे. इनहिबिटरी कंट्रोल म्हणजे साध्या मराठीत आवर घालण्याची शक्ती. हा शब्द नीतिशास्त्रातून आलेला नाही, शरीरशास्त्रातून आला आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

1845 साली जर्मनीतील वेबर बंधूंनी एक आश्चर्य दाखवले. मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस आहे. तिला विजेचा झटका दिला, तर हृदय जोरात धावण्याऐवजी मंद होते, क्षणभर थांबतेसुद्धा. तोवरची समजूत अशी होती, की नसेचे काम हुकूम देऊन शरीराला हलवणे. थांबवण्याचाही हुकूम असतो, हे तेव्हा कळले. पुढे 1862 साली इव्हान सेचेनोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने बेडकावर प्रयोग केले. मेंदूच्या एका विशिष्ट भागावर मिठाचा खडा ठेवला, तर आम्लात बुडालेला पाय बेडूक उशिरा ओढून घेतो. म्हणजे शरीराची आपोआप होणारी क्रियासुद्धा मेंदू रोखून धरू शकतो. रशियन भाषेत या रोखण्यासाठी जो शब्द रूढ झाला, तोच शब्द गाडीला ब्रेक लावण्यासाठीही वापरतात.

इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन यांनी हे ज्ञान आणखी पुढे नेले. हात कोपरात वाकवताना पुढचा स्नायू आखडतो, त्याच वेळी मागचा स्नायू सैल पडावा लागतो. ते सैल पडणे हे मज्जासंस्थेने घातलेल्या आवरामुळे होते. शेरिंग्टन यांना 1932 साली एडगर एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला माहीत आहे, की मेंदूतील असंख्य पेशींचे कामच मुळी शेजारच्या पेशींना शांत ठेवण्याचे आहे. हा तोल ढळून पुष्कळ पेशी एकाच वेळी अनावर पेटल्या, की माणसाला फिट येते. फिट आलेल्या माणसाला 'संयम नाही' असे कोणी म्हणत नाही. मग त्याच शब्दाचा दुसरा वापर झाला, की आपण लगेच चारित्र्याचा निवाडा का करतो?

चिमणी उड, म्हैस उड

पेशींवरून हा शब्द माणसाच्या वागण्यावर कसा आला, ते समजण्यासाठी आपल्याच अंगणातला एक खेळ पुरेसा आहे. मुले गोल करून बसतात, जमिनीवर बोट टेकतात. 'चिमणी उड, कावळा उड, पोपट उड,' असे म्हणताच सर्वांची बोटे वर जातात. मध्येच कोणी म्हणतो, 'म्हैस उड!' आणि दोन-तीन बोटे वर जातातच. हशा पिकतो. म्हैस उडत नाही हे त्या मुलांना ठाऊक नसते काय? चांगले ठाऊक असते. परंतु पाच-सहा वेळा बोट वर गेल्याने हाताला ओढ लागलेली असते आणि ती ओढ वेळेवर रोखता येत नाही.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत असाच खेळ यंत्रावर खेळतात. एक चिन्ह आले, की बटण दाबायचे, दुसरे आले, की दाबायचे नाही. दुसऱ्या प्रकारात बटण दाबायची खूण आधी देतात आणि लगोलग 'थांब' अशी घंटा वाजवतात. 1984 साली गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी याची कल्पना शर्यतीसारखी मांडली. मनात दोन घोडे सुटतात, एक 'कर' म्हणणारा आणि एक 'थांब' म्हणणारा. जो आधी पोचेल त्याप्रमाणे हात वागतो. निरोगी तरुण माणसाच्या 'थांब' घोड्याला साधारण पाव सेकंद लागतो. रस्ता ओलांडताना पाऊल उचलले आणि रिक्षा दिसली, की पाऊल मागे येते ते याच पाव सेकंदाच्या हिशेबाने. दारू हा 'थांब'चा घोडा मंद करते. पुरेशी झोप झाली नसेल, तरीही तो रेंगाळतो. लहान मुलांत तो मुळातच मंद असतो, कारण कपाळामागचा मेंदूचा जो भाग या कामात पुढाकार घेतो, त्याची वाढ विशी ओलांडली तरी चालूच असते.

आजी जिंकते ती चाचणी

दुसरी प्रसिद्ध चाचणी 1935 सालची आहे. अमेरिकेतील जॉन रिडली स्ट्रूप यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना रंगांची नावे छापलेला कागद दिला. परंतु 'लाल' हा शब्द निळ्या शाईत, 'हिरवा' हा शब्द लाल शाईत, अशी उलटापालट केलेली होती. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. साध्या रंगीत चौकोनांचे 100 रंग सांगायला सरासरी 63 सेकंद लागले होते. शब्दांच्या शाईचे 100 रंग सांगायला 110 सेकंद लागले. वाचण्याची ओढ आवरण्यात हा वेळ गेला, असा अर्थ लावला जातो.

आता जरा विचार करा. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिच्यासमोर हा कागद ठेवला तर काय होईल? ती भराभर रंग सांगत जाईल, कारण तिला शब्द अडवणारच नाहीत. मग आजीचा 'कंट्रोल' पदवीधर नातवापेक्षा चांगला ठरला काय? नाही. तिला जे आवरायचे होते, ते तिच्याजवळ नव्हतेच. मराठी शाळेतील मुलाला इंग्रजी शब्दांचा कागद दिला, तर त्याचाही आकडा वेगळा येऊ शकतो, कारण कच्च्या भाषेतील शब्द मनाला तेवढे ओढत नाहीत. तात्पर्य, चाचणीच्या आकड्यात आवराची शक्ती एकटी नसते. वाचन, भाषा, झोप, भूक, यंत्राची सवय, परीक्षकाची भीती, या सर्वांची बेरीज त्यात मिसळलेली असते.

एक खाते, अनेक पावत्या

आमच्या खतावणीत 'किरकोळ खर्च' असे एक खाते असते. साहेबांचा चहा, रिक्षाभाडे, निरोप समारंभाचा हार, सारे त्याच खात्यावर पडते. वर्षाअखेर बेरीज मोठी दिसते, पण खर्च कशावर झाला, ते पावत्या उघडल्याशिवाय कळत नाही. इनहिबिटरी कंट्रोल या खात्याचेही तसेच झाले आहे.

सवयीने होऊ घातलेली कृती रोखणे ही एक पावती. शेजारी टीव्ही चालू असताना गणितावर लक्ष ठेवणे ही दुसरी. नवा फोन नंबर सांगताना जुना नंबर मध्ये घुसू न देणे ही तिसरी. नाओमी फ्रीडमन आणि अकिरा मियाके यांनी 2004 साली 220 प्रौढांच्या चाचण्या घेऊन या तिन्ही तपासल्या. पहिल्या दोन गोष्टी एकमेकींशी जवळून जोडलेल्या निघाल्या, तिसरी मात्र त्यांच्यापासून वेगळी पडली. म्हणजे एका बाबतीत कच्चा असलेला माणूस दुसऱ्या बाबतीत कच्चा असेलच, असे नाही.

याच खात्यावर आणखी दोन पावत्या चुकून पडतात. शिक्षक किंवा पालक 'रांगेत उभा राहत नाही', 'मध्येच बोलतो' अशा प्रश्नांपुढे खुणा करतात, त्यावरूनही हीच संज्ञा वापरली जाते. वास्तविक अशा प्रश्नावलीचा निकाल आणि यंत्रावरच्या चाचणीचा निकाल यांचा मेळ फारच थोडा बसतो, असे अनेक अभ्यास एकत्र पाहणाऱ्या संशोधकांना आढळले आहे. दुसरी गोष्ट, अनोळखी माणूस दिसताच आईच्या पदराआड दडणाऱ्या मुलाला हार्वर्ड विद्यापीठाचे जेरोम केगन 'इनहिबिटेड' म्हणत. तिथे या शब्दाचा अर्थ बुजरा असा होतो. एकच शब्द, एका ठिकाणी गुण, दुसऱ्या ठिकाणी भित्रेपणा!

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्लाउड यांनी तर 2003 साली मुळावरच बोट ठेवले. उत्तर द्यायला उशीर का झाला? आवर घालावा लागला म्हणून. आवर घातला हे कशावरून? उशीर झाला त्यावरून. असे गोल फिरण्याचा धोका या शब्दात आहे. दिसलेल्या परिणामाला आणि मानलेल्या कारणाला एकच नाव दिले, की असे होते.

हा गोंधळ फक्त पुस्तकातला नाही, तो आपल्या घरातही आहे. छडीच्या धाकाने वर्ग चिडीचूप बसतो, त्याला आपण शिस्त म्हणतो. मुलगी उलट बोलत नाही, पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसते, तिला आपण 'कंट्रोलमधली' म्हणतो. भीतीने गप्प राहणे आणि विचार करून थांबणे बाहेरून सारखेच दिसते, पण आत फार मोठा फरक आहे. धाक उठला, की पहिली शांतता संपते. दुसरी माणसाची स्वतःची असते.

दोन गोळ्यांची गोष्ट

या विषयावर बोलताना एक प्रयोग हटकून सांगितला जातो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून तो सुरू केला. मुलासमोर मार्शमॅलो नावाची मऊ गोड मिठाई किंवा बिस्किट ठेवायचे. 'आता एक खा, किंवा मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील.' पुढे 1990 साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, जास्त थांबलेली मुले मोठेपणी परीक्षेत सरस दिसली. झाले! भाषणांतून सांगितले जाऊ लागले, की चार वर्षांच्या पोराने गोळी खाल्ली, म्हणजे त्याचे भवितव्य ठरले.

पण ही बालवाडी विद्यापीठाच्या आवारातली. तिथे प्राध्यापकांची आणि विद्यापीठात शिकणाऱ्यांची मुले पुष्कळ. ज्या घरात 'उद्या आणतो' म्हटलेली वस्तू उद्या खरोखर येते, अशा घरांतली मुले. ज्या घरात असा भरवसा नाही, तिथले काय?

सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. त्यांचा अभ्यास 2013 साली छापला गेला. 28 लहान मुलांचे दोन गट केले. दोन्ही गटांना चित्रकलेचे चांगले सामान आणून देण्याचे वचन दिले. एका गटाला ते आणून दिले. दुसऱ्या गटाला 'माफ करा, सामान नाही' असे सांगितले. मग गोळीची परीक्षा घेतली. वचन पाळलेल्या गटातील मुले सरासरी 12 मिनिटे थांबली, वचन मोडलेल्या गटातील 3 मिनिटे. पहिल्या गटातील 14 पैकी 9 मुले पूर्ण 15 मिनिटे थांबली, दुसऱ्या गटातील फक्त 1. मेंदू तोच, वय तेच, फरक होता तो समोरच्या माणसाच्या शब्दाचा. ज्याने फसवणूक पाहिली आहे, त्याने हातातली गोळी खाणे हा आवराचा अभाव नव्हे, तो व्यवहार आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या घरातील पोर हा व्यवहार लवकर शिकते.

2018 साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 900 हून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या शालेय यशाचा संबंध जुन्या अभ्यासाच्या सुमारे निम्माच निघाला. घरची परिस्थिती, घरातले वातावरण, मुलाची आधीची बौद्धिक तयारी हिशेबात धरल्यावर त्यातूनही दोन-तृतीयांश गळून पडला.

याचा अर्थ आवराला महत्त्वच नाही, असा कोणी घेऊ नये. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या सुमारे 1000 मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. ज्यांचा लहानपणी स्वतःवर ताबा कमी होता, त्यांना वयाच्या बत्तिशीत आरोग्याच्या आणि पैशाच्या अडचणी जास्त आल्या. घरची सांपत्तिक स्थिती आणि बुद्ध्यांक धरूनही हा संबंध टिकला. परंतु तिथे मोजमाप दहा मिनिटांच्या खेळाचे नव्हते. अनेक वर्षे पालक, शिक्षक आणि निरीक्षक यांनी केलेल्या नोंदींची ती बेरीज होती.

शिक्का आणि माणूस

शिक्का किती चिवट असतो, याचे जुने उदाहरण अमेरिकेतील एका कामगाराचे आहे. फिनियस गेज हा रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावणाऱ्या टोळीचा मुकादम होता. 13 सप्टेंबर 1848 रोजी सुरुंग अवेळी उडाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. माणूस वाचला. परंतु त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी लिहून ठेवले, की तो शिवराळ आणि चंचल झाला. पूर्वीची मुकादमी त्याला परत मिळाली नाही. पाठ्यपुस्तकांनी त्याला 'आवर गमावलेला माणूस' करून टाकले.

त्याच गेजने पुढे चिली देशात सुमारे सात वर्षे सहा घोड्यांच्या प्रवासी गाडीवर काम केले. सहा घोड्यांचे लगाम हाती धरणे, उतारूंना सांभाळणे, वेळा पाळणे हे ज्याला जमले, त्याच्याजवळ आवर नव्हता कसे म्हणावे? ठरलेले काम आणि रोजची बांधलेली दिनचर्या यांनी त्याला पुन्हा उभे केले असावे, असे आजचे काही अभ्यासक मानतात. पुस्तके मात्र फार वर्षे अपघातापाशीच थांबून राहिली.

कागद हाती आला तर

वाचक बंधू-भगिनींनो, असा अहवाल हाती आला, तर घाबरू नका आणि फाडूनही टाकू नका. देणाऱ्याला नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा. कोणती चाचणी घेतली? कोणत्या भाषेत घेतली? यंत्रावर घेतली, की शिक्षकांनी भरलेल्या खुणांवरून काढली? मुलाने त्या दिवशी खाल्ले होते का, झोप झाली होती का? 'कमी' म्हणजे कोणत्या वयाच्या मुलांशी ताडून कमी? हे विचारणे हा आईचा आणि बापाचा हक्क आहे. त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही.

एका चाचणीवरून आजाराचे नाव ठरत नाही. अतिचंचलता आणि लक्ष न टिकणे, ज्याला 'एडीएचडी' म्हणतात, त्याच्या निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने असावी लागतात, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसावी लागतात आणि शाळा व घर अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. फक्त एकाच शिक्षकांच्या तासाला मूल धिंगाणा घालत असेल, तर आधी तो तास तपासावा. मात्र सगळीकडे त्रास असेल, तर लाज न बाळगता मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. हा आळस नाही की संस्कारांचा दोष नाही, आणि उपचारांनी पुष्कळ मुलांना चांगला फरक पडतो. बदडल्याने पडत नाही.

'मेंदू तल्लख करणारे' यंत्रावरचे खेळ विकणाऱ्यांपासून जरा सावध राहावे. ज्या खेळाचा सराव करावा, त्यात मूल तरबेज होते, परंतु तो फायदा अभ्यासात आणि वागण्यात फारसा उतरत नाही, असेच बहुतेक परीक्षणांत दिसले आहे. त्या पैशात मुलाला वेळेवर झोप मिळेल असा कोपरा घरात करता आला, तर तो खर्च अधिक कामी येईल.

मिशेल यांच्या प्रयोगातली थांबू शकलेली मुले काय करीत होती, तेही ऐकण्यासारखे आहे. ती दात-ओठ खात बसली नव्हती. ती तोंड फिरवून बसली, गाणी म्हणत बसली, कोणी डोळे झाकून घेतले. मिठाई झाकून ठेवली, की सर्वच मुले जास्त वेळ थांबत. आपल्याकडेही अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा शेजारच्या काकूंकडे ठेवला, की निम्मे भांडण मिटते. मनाच्या ताकदीची परीक्षा रोज घेण्यापेक्षा परीक्षेचा प्रसंगच कमी आणावा.

लहानग्यांची आणखी एक चाचणी आहे. सूर्याचे चित्र दाखवले, की 'रात्र' म्हणायचे आणि चंद्राचे दाखवले, की 'दिवस'. चार वर्षांची मुले यात फार चुकतात. 2002 साली ॲडेल डायमंड आणि सहकाऱ्यांनी एक छोटासा बदल केला. चित्र दाखवल्यावर परीक्षक एक लहानसे गाणे म्हणे आणि तेवढा वेळ मुलाला उत्तर देऊ देत नसे. तीच मुले पुष्कळ बरोबर उत्तरे देऊ लागली. शिकवणी नव्हती, शिक्षा नव्हती, फक्त काही सेकंद मिळाले होते.

आपल्या घरांत नेमके तेच मिळत नाही. कामावरून थकून आलेला बाप 'पटकन बोल' म्हणतो आणि पोर जे तोंडाला येईल ते बोलते. तेव्हा मुलाला प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे. दिलेला शब्द, मग तो पाच रुपयांच्या पेन्सिलीचा का असेना, पाळावा. पाळता येणार नसेल, तर देऊ नये. मुलाचा आवर वाढवण्याचा याहून स्वस्त क्लास आमच्या तरी माहितीत नाही.